चाळीस पाकिटं सिगारेट आणि आईचं इन्सुलिन

पत्र असं आहे (बरंच लांब होतं, कापून देते आहे):

“ताई, मी जुळे सोलापुरात राहतो, वय ४१. टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम करतो. घरी आई, बायको आणि दोन मुलं. आईला शुगर आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. बायको घरीच ब्लाऊज शिवते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा मोहोळ तालुक्यात मामाच्या घरात छातीएवढं पाणी होतं. मी स्वतः जाऊन बघून आलो. तेव्हापासून झोप लागत नाही. उद्या मोठं काही झालं, युद्ध झालं, बँका बुडाल्या, वीज गेली ती आलीच नाही, तर काय? रात्री त्यावरचे व्हिडिओ बघतो. त्यात सांगतात की नंतर नोटांना किंमत राहत नाही, वस्तूला वस्तू द्यावी लागते. म्हणून मी दोन क्विंटल गहू, एक क्विंटल तांदूळ, चांदीची दहा-दहा ग्रॅमची वीस नाणी, सिगारेटची चाळीस पाकिटं आणि दारूच्या चोवीस क्वार्टर घेऊन माळ्यावर ठेवल्या आहेत. घरात कुणी पीत नाही, ओढत नाही. दीड लाख गेले, त्यात मुलीच्या फीचे पैसे होते. बायको बोलत नाही. मला एवढंच सांगा, हे पुरेसं आहे का? अजून काय घ्यावं? आणि शेजाऱ्यांना कळू न देण्यासाठी काय करावं? कारण वेळ आली की तेच आधी येतील.”

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. तीन क्विंटलची पोती हमालाच्या पाठीवरून जिना चढून वर गेली, म्हणजे गल्लीला त्याच दिवशी कळलं. समोरच्या वहिनींनी तर कुठलं पोतं गव्हाचं नि कुठलं तांदळाचं हेही सांगितलं असेल. तो विषय संपला.

आता पुरेसं आहे का ते बघू. तुमची यादी मी दोनदा वाचली. चाळीस पाकिटं सिगारेट आहे, चोवीस क्वार्टर आहे. इन्सुलिन नाही. पाणी नाही. तीन क्विंटल धान्य आहे, पण वीज जाऊन गिरणी बंद पडली तर गहू दळणार कशावर? जातं आहे घरात? नसणार. आमच्याकडेही नाही, होतं त्याची आता तुळशीखाली पायरी झाली आहे. तुम्ही मोहोळला जाऊन पूर डोळ्यांनी बघितला आणि तयारी मात्र व्हिडिओतल्या परदेशी माणसाच्या घराची केली, असं मला वाटतं. रागावू नका. भीती खोटी नाही तुमची. पाणी छातीला लागलेलं बघितल्यावर कुणाचीही झोप उडेल.

आपल्यावर आजवर काय काय आलं ते आठवू या. १९७२ चा दुष्काळ. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र उलटून ३ वाजून ५६ मिनिटं झाली होती. आमच्या घरात मांडणीवरची भांडी वाजली आणि आम्ही लेकरं उचलून अंगणात आलो. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता हजार-पाचशेच्या नोटा गेल्या. मार्च २०२० ची टाळेबंदी. त्याच वर्षी ऑक्टोबरात भीमेचा पूर, आणि आता सीनेचा. यातल्या एकाही वेळी जग संपलं नाही, पण प्रत्येक वेळी काही दिवस किंवा काही महिने नेहमीची एक वस्तू मिळेनाशी झाली. कधी पाणी, कधी धान्य, कधी सुटे पैसे, कधी गोळ्या. विजेचं म्हणाल तर ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारताची ग्रिड कोसळली, साठ कोटींच्या आसपास लोक अंधारात गेले, आणि बहुतेक ठिकाणी दिवसाभरात दिवे परत आले. आपण त्यात नव्हतो. तुम्हाला कदाचित माहीत नसेल, ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली तेव्हा कुठे दक्षिणेची ग्रिड बाकीच्या देशाशी एक झाली. म्हणजे सगळ्या देशाची गाठ आपल्या गावाच्या वेशीवर बांधली आहे म्हणा ना. त्यामुळे वीज जाऊ शकते, हे खरंच. तयारी करायची ती तासांची, दिवसांची, फार तर काही आठवड्यांची.

आणि पाण्याच्या बाबतीत सोलापूरकराला कुणी शिकवायला नको. ज्या गावात नळ रोज येत नाही, तिथे प्रत्येक बाई तयारीतच बसलेली असते. हौद, बॅरल, घागरी, छतावरची टाकी. उजनीवरून येणारी जलवाहिनी, टाकळीचं भीमेचं पाणी आणि हिप्परग्याचा तलाव, एवढ्यावर शहर चालतं. पंपाची वीज गेली की “पाणीपुरवठा एक दिवस पुढे ढकलला” ही बातमी येते, ती आपण चहा पिता पिता वाचतो. तुम्ही फक्त गणित करा. मदतछावण्यांमध्ये माणशी रोज १५ लिटर हे किमान धरतात, पिणं, स्वयंपाक आणि जुजबी धुणं धरून. तुम्ही पाच जण, म्हणजे ७५ लिटर. दहा दिवसांचे ७५० लिटर. छतावर ५०० ची टाकी असेल तर दोन बॅरल वाढवा, झाकणाचे, नाहीतर डेंग्यूच्या अळ्या पाळाल. पिण्याचं वेगळं, गाळून, उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून. आपल्या मे महिन्यात पिण्यालाच माणशी चार लिटर लागतात.

धान्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण इथे माझा जीव गुंतलेला आहे. माझं सासर मंगळवेढ्याच्या बाजूचं, काळ्या रानातलं. गहू-तांदूळ कशाला भरलात हो? रोज खाता का? जे रोज खात नाही ते साठवलं की ते तसंच पडून किडतं. ज्वारी घ्या. मालदांडी, फेब्रुवारी-मार्चात नवी येते तेव्हा. तीन दिवस गच्चीवर कडक ऊन द्या. मग संध्याकाळी लगेच कोठीत ओतू नका, ही चूक सगळे करतात. तापलेलं धान्य कोठीत गेलं की आतून घाम सुटतो आणि तळाला बुरशी धरते. रात्रभर पसरून ठेवा, सकाळी गार झालं की भरा. भरण्याआधी एक दाणा दाताखाली धरून बघा. कटकन फुटला पाहिजे. नुसता दबला तर अजून एक ऊन. मध्ये मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला, वर घट्ट झाकण. पीठ साठवायचं नाही, ते महिन्याभरात जुनं होतं आणि भाकरीला विरी जाते, थापताना कडा चिरतात. दाणे टिकतात. माणशी सरासरी ३०० ग्रॅम धरलं, लहान-मोठे मिळून, तर पाच जणांना रोज दीड किलो. एक क्विंटल म्हणजे दोन महिन्यांहून थोडं जास्त. तेवढं बास. गिरणी बंद असली तरी ज्वारी भरडून कण्या होतात, भिजवून घुगऱ्या होतात. पाट्यावर, खलबत्त्यात, काही ना काही जमतं. शेंगा टरफलासकट ठेवा, सोललेले दाणे उन्हाळ्यात खवट होतात.

पूर्वी आमच्याकडे पेव होतं, जमिनीतलं. खाली वर कडबा घालून ज्वारी भरायची आणि तोंड लिंपून टाकायचं. उघडताना मात्र कुणीही लगेच आत उतरायचं नाही. तोंड उघडून वारा लागू द्यायचा, मग कंदील सोडून बघायचा. विझला की अजून थांबायचं. आत कोंडलेला वायू माणूस क्षणात पाडतो. हे सांगते, कारण आजकाल जुन्या वाड्यांतली पेवं हौसेनं उघडणारे लोक भेटतात.

आणि तयार खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. बाहेरच्या गावांना त्यासाठी कुठली कुठली पाकिटं मागवावी लागतात, आपल्याकडे बायका ते रोज थापतात. नीट भाजलेली, कोरड्या डब्यात ठेवलेली कडक भाकरी महिनाभर सहज राहते. वीज नको, गॅस नको, नुसतं पाण्यात बुडवून खाता येते. पुरात गच्चीवर अडकलेल्या माणसाला खिचडीचा शिधा देऊन काय उपयोग, चूल कुठे आहे?

आता तुमचा खरा मुद्दा. नंतरची देवाणघेवाण.

माझ्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात तलावाच्या कामावर खडी फोडायला गेल्या. तिथे हजेरीपटावर नाव, आठवड्याचा पगार, लेकरांना सुकडी, आणि रेशनवर परदेशातला तांबडा मिलो, ज्वारीसारखं धान्य. त्या कामावर जायच्या आधीची गोष्ट त्या सांगायच्या. घरात दाणा नव्हता. त्यांनी आहेरातली पितळी घागर घासून लख्ख केली, डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या दिवशी मंगळवेढ्याला निघाल्या. घागरीला दोन पायल्या ज्वारी तरी येईल असा हिशेब. बाजारात पोहोचल्या आणि बघतात तर भांड्यांच्या दुकानापुढे घागरीच घागरी. चाळीस-पन्नास बायका, सगळ्यांच्या डोक्यावर आहेरातलं पितळ, सगळ्यांचं लख्ख घासलेलं. दुकानदार वर मान करून बघेना. मोडीच्या भावानंही घ्यायला तयार नाही. सासूबाई म्हणायच्या, “उन्हात ते पितळ असं चमकत होतं की डोळे उघडवेनात, आणि ज्वारीचं पोतं एकच, तेही दुकानदाराच्या गादीमागं.” त्या घागर घेऊन परत आल्या. ती अजून माझ्याकडे आहे.

तुमच्या वीस नाण्यांचं असंच होणार. नडीच्या दिवशी सगळे एकच वस्तू घेऊन बाजारात येतात. तुमच्याकडे चांदी, शेजाऱ्याकडे चांदी, त्याच्या मेहुणीकडे पैंजण. धान्यवाला एकच. भाव तो ठरवणार. आणि दहा ग्रॅमचं नाणं देऊन तुम्ही दोन किलो मीठ आणि काडेपेटी घेतलीत तर सुटे कशात घेणार? चांदी वाईट नाही, संकट सरल्यावर मोडायला उपयोगी पडेल. पण ती संकट चालू असतानाची वस्तू नव्हे. त्यासाठी घरात पंधरा दिवसांच्या खर्चाइतक्या दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा ठेवा. टॉवर बंद पडला की मोबाईलवरून पैसे जात नाहीत, आणि पाचशेच्या नोटेला त्या दिवशी सुटे कुणी देत नाही.

सिगारेटचं मी उडवून लावणार नाही, त्यात तथ्य आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असलेल्या एका ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानं १९४५ मध्ये छावणीतल्या बाजाराबद्दल लिहिलं. रेडक्रॉसची पार्सलं सगळ्यांना सारखी मिळायची, आणि त्यातूनच बाजार उभा राहिला. सिगारेट हाच पैसा. मोजता येते, खिशात मावते, सगळ्यांना माहीत. १९९२ ते ९६ च्या वेढ्यात सारायेव्होतही सिगारेटी अशाच चालल्या. पण त्या कैद्यांच्या छावणीतली मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे. तिथे भारतीय सैनिकांचा वेगळा भाग होता. त्यातले शीख आपल्या वाट्याचं मांस द्यायला तयार असायचे. एका गोऱ्या कैद्याला उर्दू येत होती. तो तिकडे जाऊन मांस स्वस्तात घ्यायचा आणि त्यांना लोणी-जॅम द्यायचा. सिगारेटी सगळ्यांकडेच होत्या, नफा मात्र भाषा येणाऱ्याला झाला.

आता तुम्ही सांगा, सोलापुरात राहून तुम्हाला तेलुगू येतं का? कन्नड? शहराच्या पूर्वभागात साडेचार फुटांच्या बोळात चार भाषा ऐकू येतात. माझ्या शेजारच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, आजी माझ्याशी मराठीत, सुनेशी तेलुगूत, दुधवाल्याशी कन्नडमध्ये आणि रिक्षावाल्याशी हिंदी-उर्दूच्या काल्यात बोलतात. टाळेबंदीत आमच्या गल्लीत पहिली भाजी कुणाकडे आली? त्यांच्याकडे. गावाकडचा एक कन्नड बोलणारा शेतकरी रात्री त्यांच्या दारात वांगी ठेवून जायचा, आणि आजींच्या घरातून सगळ्यांना वाटणी व्हायची. बदल्यात आजींचा नातू त्याच्या मुलाचा ऑनलाईन फॉर्म भरायचा. कुणी मोजलं नाही. आणि सिगारेटचं म्हणाल तर हे विड्यांचं गाव आहे हो. इथे घराघरात बायका विड्या वळतात. तुमची चाळीस पाकिटं म्हणजे शिंप्याच्या आळीत सुया विकायला नेण्यासारखं.

आपण ज्याला बलुतं म्हणतो ते तुम्ही समजता तसं वस्तूला वस्तू नव्हतं. सुतार औताचा दांडा बसवायचा तेव्हा त्याच्या हातावर कुणी मापटंभर ज्वारी टाकत नसे. वर्षभर काम, आणि सुगीला खळ्यावर त्याचा वाटा. मधल्या काळात ती तोंडी उधारी होती. सावड तशीच, आज मी तुमच्या रानात, उद्या तुम्ही माझ्या. इर्जिक, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच्या रानाचं काम उरकणं, तीही तशीच. हे सगळं ओळखीवर चालायचं. अनोळखी माणसाशी रोख अदलाबदल हा शेवटचा आणि सगळ्यात तोट्याचा मार्ग आहे, घागरीसारखा.

यात गोडवे गाण्यासारखं सगळं होतं असं मात्र समजू नका. बलुत्यात कुणाला पेंढीभर आणि कुणाला पाटीभर हे जातीनं ठरायचं, आणि ज्याला कमी मिळायचं त्याला काम नाकारायची मुभा नव्हती. महार वतनाविरुद्ध, म्हणजे पिढ्यानपिढ्या गावाची सक्तीची कामं लादणाऱ्या रीतीविरुद्ध, डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं, आणि ती वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. पैसा आला तेव्हा ज्यांना मोकळा श्वास मिळाला ती माणसं पैसा बुडावा म्हणून वाट बघत नाहीत. व्हिडिओतले लोक “जुनी अदलाबदल परत येईल” असं खुशीत सांगतात तेव्हा मला हे आठवतं.

अर्जेंटिनात १९९५ साली ब्वेनोस आइरेसजवळ काही लोकांनी एक देवाणघेवाण मंडळ सुरू केलं. स्वतःची कुपनं काढली. २००१-०२ मध्ये बँकांतून पैसे काढण्यावर बंधनं आली तेव्हा लाखो लोक त्यात आले, आणि त्याच वर्षभरात ते कोसळलं. खोट्या कुपनांचा सुळसुळाट झाला. ओळखीपाळखीत चालणारी गोष्ट अनोळखी गर्दीत गेली, आणि कुणी कुणाला किती दिलं याचा हिशेब ठेवणारं कुणी राहिलं नाही.

आता तुमचा धंदा काय? हिशेब ठेवणं. तुम्ही पत्रात हे असं लिहिलंत जणू काही येत नाही तुम्हाला. उद्या गल्लीत महिनाभर रोख नसली आणि कुणी कुणाला डाळ दिली, कुणी पाणी भरून दिलं, कुणी रात्र जागली, तर एका वहीत ते नीट लिहिणारा, दोन्ही बाजूंना मान्य असणारा माणूस लागेल. तो तुम्ही असू शकता. आणि तुमच्या घरात दुसरी मोलाची वस्तू तुमच्या बायकोचं शिलाई मशीन. त्याला मोटर लावली असेल. मोटर काढून पायावर चालतं का ते आजच बघा. पट्टा आहे का, पायडल गंजलं नाही ना, तेल घाला. फाटलेलं शिवून देणारी बाई पुरानंतर पहिल्या आठवड्यात लागते, मी बघितलं आहे. दोरे आणि सुया थोड्या जास्त आणून ठेवा, सिगारेटच्या पैशात वर्षाचे आले असते.

अदलाबदल कशी असते हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर बोहारीण येईल त्या दिवशी रजा घ्या. गेल्या महिन्यात माझ्या दारात आली होती. मी चार साड्या आणि दोन पँटी काढल्या, मला झाकणाचा स्टीलचा डबा हवा होता. तिनं प्रत्येक साडी उजेडाकडे धरली, पदराची जर नखानं खरवडून बघितली, पँटच्या मागच्या शिवणीत बोट घातलं. “ताई, हे टेरिकॉट, ह्याला कोण विचारतंय. ह्यावर एक चादर टाका.” मी म्हटलं सोलापूरची चादर फाटली तरी तुला देणार नाही. पाऊण तास गेला. डबा मिळाला, पण झाकण सैल निघालं. तिला माझ्या साड्यांचा भाव ठाऊक होता, मला तिच्या डब्याचा नव्हता. चहा मात्र ती माझ्याकडूनच पिऊन गेली. तुम्ही क्वार्टर घेऊन कुणापुढे उभे राहणार आहात त्याचाही विचार करा. दारूसाठी त्या दिवसांत दार ठोठावणारा माणूस तुम्हाला घरात हवा आहे का, दोन लेकरं झोपलेली असताना? शिवाय परवान्याशिवाय एवढी दारू घरात ठेवणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. संकट यायच्या आधीच पोलीस येतील.

शेजाऱ्यांची भीती, तिच्याबद्दल. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तुम्ही लहानपणी ऐकली असेल, दुष्काळात कोठार उघडून दिलं ती. मला त्यातलं एक नेहमी गमतीचं वाटतं, ते धान्य त्यांचं नव्हतं, बादशहाचं होतं. स्वतःचं वाटणं अवघड असतं हे कथेलाही माहीत होतं. मी तुम्हाला संत व्हायला सांगत नाही. पण १९७२-७३ मध्ये महाराष्ट्र कुणाच्या माळ्यावरच्या पोत्यांनी जगला नाही. मे १९७३ ला दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती, त्यातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. तुमच्या मामाकडेही पाणी शिरलं तेव्हा आधी कोण पोहोचलं ते त्यांना विचारा. बहुतेक वेळा शेजारचा पोरगाच असतो, ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन. तुमच्या गल्लीत असा पोरगा कोण आहे, कुणाकडे शिडी आहे, कुणाची मुलगी नर्स आहे, कुणाचा बोअर हातपंपावर चालतो, हे तुम्हाला माहीत नसेल तर ती माळ्यावरच्या साठ्यातल्या कुठल्याही उणिवेपेक्षा मोठी उणीव आहे.

इन्सुलिन. हे सगळ्यात महत्त्वाचं. आईंच्या डॉक्टरांना विचारून महिनाभराचं जास्तीचं ठेवा. जुनं आधी वापरायचं, नवं मागे. फ्रिज बंद पडला तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, वर ओलं फडकं, सावलीत आणि वाऱ्याला. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठ इथे खरंच गार होतो, मुंबईकरांना ते सुख नाही. इन्सुलिन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाण्याला न लागता. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलं की वाया. हे वेळ यायच्या आधी एकदा करून थर्मामीटर ठेवून बघा, मे महिन्यात. सुया, पट्ट्या, मुलांसाठी जीवनजल, आणि आधार, पासबुक, मालमत्तेचे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दारामागे.

आता बायको. ती साठ्यावर चिडलेली नाही, तुम्ही न विचारता फी उचललीत यावर चिडलेली आहे. तिथे मी तिच्या बाजूनं आहे. हिशेबाची वही घ्या, काय घेतलं, किती गेले, काय परत होतंय, ते तिच्यासमोर बसून लिहा. दुकानदार सिगारेटची सीलबंद पाकिटं थोडे पैसे कापून परत घेत असेल तर पानपट्टीवर देऊन या. दारू कुणाला विकू नका, विकणं हा वेगळाच गुन्हा, सरळ मोरीत ओता आणि तोटा खात्यात मांडा. दहा नाणी मोडून फी भरा. एक क्विंटल गहू आधी तुमच्या मामांना पाठवा, त्यांच्याकडे पेरणीपर्यंत ओढ असणार, तिथे त्याचा आज उपयोग आहे. आणि त्यांच्याकडून पुढच्या मार्चात ज्वारी घ्या. हीच तुमची पहिली देवाणघेवाण, वहीत लिहून ठेवा.

रात्री अकरानंतर मोबाईल बायकोच्या मशीनच्या खणात ठेवायचा. झोप तरीही आली नाही, तर डॉक्टरांना तेही सांगा, आईंच्या इन्सुलिनबद्दल विचारायला जाल तेव्हाच. आणि मशीन पायावर चाललं का ते मला कळवा.